पायलकडचा अर्धा दगड

मी, शर्मिला बुद्धभूषण ओव्हाळ, वय सहासष्ट, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार कोथरूड, पुणे, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. काळजाचा कोणी मागितला नाही, ते बरंच झालं.

१. माझा स्वकष्टार्जित फ्लॅट पायल दत्तोबा दांगट हिला द्यावा. वकीलबाईंनी विचारलं, "नातं काय लिहू?" म्हटलं, सून लिहा. माझी मुलगी अक्षता आणि पायल जोडीदार म्हणून याच घरात राहिल्या. कोणाला पचत नसेल त्याने ओवा खावा.

२. माझे दीर प्रज्ञेश यांना गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची द्यावी. अक्षता डेंग्यूने गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला याच खुर्चीत बसून त्यांनी पायलला विचारलं, "तू आमची कोण लागतेस? घरच्यांनीच थांबायचंय." मी आत औषधाच्या गुंगीत होते, हे मला मागाहून कळलं. उठले, तर दारात तिच्या चपला नव्हत्या. भाऊजी, खुर्चीचा एक पाय मोडका आहे, सांभाळून बसा.

३. बँकेतली शिल्लक आमच्या बुद्धविहाराच्या वाचनालयाला द्यावी. पुस्तकं घ्यावीत. देणगीदारांच्या नावाची फरशी बसवू नये.

४. कपाटातला अर्धा दगड. कॉलेजच्या सहलीत द्वारकेजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर अक्षता आणि पायल दोघींनी तो फोडला. आत लाखो वर्षांपूर्वीचा समुद्री शिंपला निघाला, दगडच झालेला. एका अर्ध्यात शिंपला, दुसऱ्यात नुसता त्याचा ठसा. अक्षता म्हणाली, "शिंपला तुला, खळगा मला." मी हसले होते, काय वेडी पोर, रिकामी वाटणी घेऊन आली! आता रोज त्या खळग्यात बोट फिरवते. माझी पोर गेली हो. आणि जिच्या गळ्यात पडून रडावं, तीही गेली.

फोन केला, तर पायल एवढंच म्हणाली, "आई, मी कोण हाय तुमची?" पुन्हा तिने उचलला नाही.

हा अर्धा दगड पायलला द्यावा. कुरियरने पाठवू नये. तिने स्वतः यावं, येताना आपला अर्धा आणावा. मला दोन्ही एकदा जुळलेले बघायचेत.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्या मागे लागू होणार. तुम्ही कशा बघाल?"

तेवढं मलाही कळतं. म्हणून याची एक प्रत आजच पायलला पाठवते आहे. पायल, तू कोण, ते कलम एकमध्ये लिहिलंय. कलम चारसाठी माझ्या मरणाची वाट बघू नकोस गं. ये.

सही : शर्मिला बु. ओव्हाळ
आमच्यासमोर सही केली : चैताली साठे, शेजारीण, रावसाहेब गाडे, टपाल खात्यातले सहकारी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
ठिकाण : कोथरूड, पुणे. घर तेच आहे.