जन्मदाखल्यावरची बाई

४ फेब्रुवारी, मंगळवार

पासपोर्टची फाइल परत आली. दीड महिना वाट बघून परत आली, आणि तीही खिडकीवरून, सगळ्यांदेखत.

खिडकीतला माणूस गालात गोळी ठेवून बोलत होता. मान वर केली नाही. "आईचं नाव जुळत नाही." मला वाटलं, एखादी वेलांटी चुकली असेल. त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्यावर पेन आपटलं. शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून मी. जन्मदाखल्यावर ती. "या दोन्ही बायका कोण?" एवढ्या मोठ्याने विचारलं, की मागे रांगेतल्या बाईने आपल्या पोराला गप्प केलं — नीट ऐकू यावं म्हणून.

मी सांगितलं. मी दुसरी. पहिली वारली. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा मी या घरात आले, आता ती अकरा वर्षांची आहे.

"मग पहिलीच्या मृत्यूचा दाखला आणा. तो नसेल तर तिचं संमतिपत्र." वारलेल्या बाईचं संमतिपत्र! आणि गोळी दुसऱ्या गालात.

नवरा बुटांच्या नाडीकडे बघत होता. "चार दिवसांत आणतो," म्हणाला. त्याला परदेशात लिफ्टदुरुस्तीचं काम मिळालंय, एप्रिलमध्ये हजर व्हायचंय. तिघांचे अर्ज एकत्र. घोडं अडलं ते एका मेलेल्या बाईपाशी.

५ फेब्रुवारी, बुधवार

दाखला कुठल्या कपाटात आहे विचारलं. "शोधतो." शोधला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवरा मला एका एजंटाकडे घेऊन गेला. झेरॉक्सच्या दुकानावर माळ्यासारखी खोली. एजंट शेंगा फोडत होता. टरफलं आमच्या फाइलवर. मुलीच्या, आमच्या टिचकीच्या, जन्मदाखल्यावर त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग पडला तो पडलाच.

"सोपं आहे वहिनी. नवीन जन्मदाखला काढू. आईच्या जागी तुमचं नाव. जुनं नाव गेलं की कटकट गेली. मेलेली बाई काही तक्रार करायला येत नाही."

नवरा हसला. मनापासून हसला.

मला शिसारी आली. ती बाई मी पाहिलेली नाही. तिचा फोटोही घरात नाही. पण जिने पोटात वाढवलं, तिचं नाव हा टरफलासारखं फुंकून टाकणार आणि ज्याच्याशी तिने संसार केला तो दात काढणार. मी उठले. जिन्यात नवरा म्हणाला, "तुला एवढा पुळका कशाचा? सवत ना ती तुझी?"

जिन्याच्या कठड्याला हात लावावासा वाटेना, तोही चिकट होता.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंकडे गेले. सरळ विचारलं, कुठल्या दवाखान्यात गेली, कधी गेली. त्या भाजी निवडत होत्या. "गेलेल्या माणसाचं काय उकरायचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, उकरत नाहीये, दाखला हवाय. मग म्हणाल्या, तापाने गेली. आठ दिवसांत.

लग्न ठरताना नवऱ्याने मला सांगितलं होतं, रस्त्यात गाडीने उडवलं.

एकच बाई, दोन मरणं. सासूबाईंना ते बोलून दाखवलं तर त्यांनी देठ आणि पाला एकाच भांड्यात टाकला आणि आत निघून गेल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली. मालक कुरकुरले. तीन गिऱ्हाइकांच्या काचा घासायच्या राहिल्या होत्या.

जन्म-मृत्यू नोंदणीचं ऑफिस. तिथली कारकून बाई मात्र भली निघाली. मी दिलेलं नाव तिने संगणकात घातलं, मग जुनी वहीही उघडली. दहा वर्षांपूर्वीचं साल, त्याच्या अलीकडचं, पलीकडचं. एकेका ओळीवरून पट्टी सरकवत गेली. शेवटी चष्मा कपाळावर चढवला.

"नोंद नाही हो. दुसऱ्या गावी वारल्या का?"

मी म्हटलं, नाही, इथेच. असं सांगतात.

"मग वारल्या नसतील," ती म्हणाली. सहज. आणि माझं तोंड बघून लगेच, "म्हणजे — नोंद राहूनही जाते कधीकधी."

संध्याकाळी नवरा घरी आला. मोजे काढत होता. टिचकी खाली खेळायला गेली होती. मी म्हटलं, नोंद नाही. ती मेलेली नाही.

त्याने मोज्याची गुंडाळी केली, बुटात कोंबली. म्हणाला, "माझ्या दृष्टीने मेली."

नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्या बाईच्या मागे, आईविना पोर म्हणून टिचकीला छातीशी धरलं. तिला सांगितलं, तुझी आई खूप चांगली होती, ती गेली. हे मी सांगितलं. माझ्या तोंडाने.

"पाणी दे," म्हणाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

त्याचं जेवण बघवत नाही. भुरके मारण्याचा आवाज पूर्वीपण असाच होता का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्याने थोडं थोडं सांगितलं, उपकार केल्यासारखं. बाळंतपणानंतर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. रडायची. पोरीला घ्यायची नाही. तिला माहेरी पोचवलं. "मग?" मग काय, संपलं. "आई म्हणाली, मेली म्हणून सांग, दुसरं लग्न नीट जमेल."

नीट जमलं. मीच ते नीट जमलेलं लग्न.

वर मलाच म्हणतो, "आता तरी पटलं ना? एजंटाचाच रस्ता बरा." चोर तो चोर, वर शिरजोर.

जन्मदाखल्यावर तिचा माहेरचा पत्ता आहे. उतरवून घेतला.

१६ फेब्रुवारी, रविवार

टिचकीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. बसने दोन तास.

पत्त्यावर तिचा भाऊ होता. दार अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर मला आत घेईना आणि जाऊही देईना. "आता काय पाहिजे तुम्हा लोकांना?" मी म्हटलं, मी त्यांच्यातली नाही हो. असं म्हटलं खरं, पण म्हणजे मी कुणातली? शेवटी त्याने सांगितलं — सरकारी दवाखान्याच्या धुलाईखान्यात आहे, रविवारीही असते.

मोठी खोली, वाफ, ओल्या कपड्यांचा आणि औषधाचा वास. पाच-सहा बायका चादरी घड्या करत होत्या. मी तिला लगेच ओळखलं. टिचकीचं कपाळ. तेच, अगदी तसंच पुढे आलेलं.

मी नाव घेतलं. ती वळली. मी म्हटलं, तुमच्या मुलीला मी सांभाळते.

हातातल्या चादरीचं दुसरं टोक तिने माझ्याकडे दिलं. मी धरलं. आम्ही घडी केली. मग दुसरी. चौथ्या चादरीला तिने विचारलं, "उंच झालीय का?"

मी म्हटलं, माझ्या खांद्याला लागते.

मग ती बोलत राहिली, चादरीकडे बघत. बाळ रडलं की ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून बसायची. का ते तिलाही कळत नव्हतं. "थोडे दिवस आराम कर" म्हणून माहेरी पाठवलं. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठ महिन्यांत बरी झाली. परत गेली तर सासूने दार उघडलं नाही. पुन्हा गेली तर घरच बदललेलं. शेजारी म्हणाले, मुलीला लांब पाठवलं. तिसऱ्यांदा भावाने जाऊ दिलं नाही. "मग वाटलं, कुठे का असेना, सुखात असेल. अशी आई हवी कशाला तिला."

संमतिपत्राचं मी काढलं. तोंड करपल्यासारखं झालं ते बोलताना — पोर तर घेतलीच, आता सही पण द्या. शेवटी विचारलं, तुमच्या घटस्फोटाचा कागद असेल ना, त्याची प्रत लागेल.

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिली.

"कसला घटस्फोट? मी कुठेच सही केली नाही. मला कुणी बोलावलंच नाही."

१७ फेब्रुवारी, सोमवार

म्हणजे मी त्याची बायको नाही. टिचकीची आई नाही. त्या घराची सूनही नाही. दुकानात आज एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालक ओरडले. बरोबरच होतं त्यांचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला विचारलं. "असले कागद कोण बघतं?" म्हणाला.

त्याच्याच अर्जासाठी आपण दीड महिना रांगेत उभे होतो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मला हसू आलं. हसताना ओकारी येईल असं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

त्याने एजंटाकडून नवा जन्मदाखला करून आणला. मला न विचारता. टेबलावर ठेवला, वर प्लास्टिक. "फक्त तुझी एक सही लागेल."

आईचं नाव — माझं.

इथे खोटं लिहून काय मिळवायचं? मला बरं वाटलं. क्षणभर नाही, चांगलं दोन-तीन मिनिटं. शाळेच्या प्रत्येक कागदावर आई लिहिताना नऊ वर्षं माझा हात अडखळायचा. टिचकीला गोवर आला तेव्हा सात रात्री बसले, तेव्हाही दवाखान्यातल्या नर्सने "सख्खी आई?" विचारलंच. आणि हा कागद म्हणत होता, सख्खी. मी त्या अक्षरांवरून बोटसुद्धा फिरवलं.

मग तिची उलटी फिरलेली पावलं आठवली, दोन वेळा दारापर्यंत येऊन. बोट मागे घेतलं. नवऱ्याची किळस येतेच आहे, त्यात काही नवीन नाही. आज माझीही आली.

सही केली नाही. कात्रीने चार तुकडे केले. प्लास्टिक जाड होतं, जोर लावावा लागला. तो म्हणाला, "वेड लागलंय तुला." पहिलीलाही हेच म्हणाला असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

टिचकीला सांगितलं. सगळं नाही, पण खरं तेवढं सगळं. ती दप्तर भरत होती. मला वाटलं रडेल, किंवा माझ्यावर चिडेल. मी खोटं बोलले होते, चिडायला हवं होतं.

बराच वेळ कंपासपेटी उघडझाप करत बसली. मग विचारलं, "तिला माहीत आहे का, मी कुठे राहते ते?"

"आता माहीत आहे."

"मग ती का येत नाही?"

मी म्हटलं, तिला वाटतं, तू नको म्हणशील.

"मी कधी म्हटलं?" टिचकी म्हणाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवरा बॅग भरून सासूबाईंकडे गेला. जाताना गॅसचं बटण नीट बंद करत जा म्हणाला.

१ मार्च, शनिवार

टिचकीला घेऊन गेले. दवाखान्याच्या आवारात बाकावर दोघी बसल्या, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी लांब, पाण्याच्या टाकीपाशी. काय बोलल्या माहीत नाही. एकदा टिचकीने हातवारे करून काहीतरी सांगितलं आणि ती हसली. माझ्या पोटात कळ आली. आली ती आली. लिहून ठेवते.

परतीच्या बसमध्ये टिचकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. एवढी मोठी झाली तरी.

३ मार्च, सोमवार

खिडकीवर गेले, माझा आणि टिचकीचा अर्ज मागे घ्यायला. तोच गोळीवाला. म्हणाला, तुमच्या मिस्टरांनी शुक्रवारीच त्यांचा अर्ज वेगळा केला. एकट्याचा.

त्याने कागद फिरवून दाखवला. दाखवायला नको होता, पण त्यालाही राहवलं नसेल. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात नवऱ्याच्या हाताचं, टपोरं, स्वच्छ अक्षर: अविवाहित.

दोन बायका, एक मुलगी, आणि अविवाहित. खिडकीतल्या माणसाने मान वर केली. पहिल्यांदाच. "बसा हो जरा," म्हणाला. मी बसले नाही. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि मी केलेलं शपथपत्र — त्यात काय खरं, काय खोटं, ते सगळं लिहिलंय — तिन्ही त्याच्यापुढे ठेवले आणि पोच घेतली.

५ मार्च, बुधवार

सासूबाईंचा फोन. "मुलगी आमची आहे. तू कोण?"

कागदावर बघायला गेलं तर बरोबर आहे त्यांचं. दिवसभर तेच डोक्यात.

७ मार्च, शुक्रवार

ती दुकानात आली. दोन तासांची बस करून, कामावरच्याच साडीत. वकिलाकडून करून घेतलेला कागद पर्समधून काढला. मुलीला देशाबाहेर न्यायला तिची संमती नाही. मुलीने राहायचं कोणाजवळ, त्या ओळीत माझं नाव — लग्नाआधीचं, माझ्या वडिलांचं आडनाव लावलेलं. मी विचारलं, हे नाव तुम्हाला कुठून कळलं?

"मुलीने सांगितलं. म्हणाली, हेच लिही, हेच खरं आहे."