पानकावर तरंगणारी सुंठ

कुंभकोणम्,
वर्षप्रतिपदा

प्रिय चि. सौ. श्रीविद्या हीस अनेक आशीर्वाद.

मायन्यातील ‘सौ.’ मी विचारपूर्वक लिहिले आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत. परंतु पत्राची रीत मी चुकत नाही.

येथे सर्व क्षेम. ऊन आताच कडक आहे. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र उत्तम चालते.

गतवर्षी रामनवमीस तू रजा नाही म्हणून आली नाहीस. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलमंदिरात भजनानंतर वाटायचे पानक सासूबाईंनीच केले. त्यांनी गूळ विरघळवला, घागर भरली आणि सुंठ-वेलदोड्याची पूड शेवटी वरून घातली. ती सारी तरंगत राहिली. पळीने बुडवली, तर गोळ्या होऊन पुन्हा वर आली. घसा ओला करण्यास पहिला पेला भजन गाणाऱ्या चंद्रमौळी भागवतरांनी मधेच घेतला आणि भजनाचे शेवटचे कडवे ठसक्यात गेले. मागाहून आलेल्यांना नुसते गुळाचे पाणी. भागवतर डोळे पुशीत मला म्हणाले, “व्यंकोबाराव, तुमची सुंठ पोहायला शिकली!” मंडळी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, “पोर आली नाही, तर सुंठही रुसली.”

मी त्याचा विचार केला. गूळ जड, म्हणून तळाशी बसतो; न ढवळल्यास खालचे पाणी गोड आणि वरचे फिके, कारण गोड पाणीही जड. सुंठही पाण्याहून हलकी नसावी. परंतु कोरड्या पुडीच्या कणाकणांत वारा अडकतो आणि पाणी तिला आत घेत नाही. तू पूड प्रथम ओल्या गुळात तळहाताने मळत असस, मग थोडे थोडे पाणी घालीत असस. वारा निघून जाई आणि प्रत्येक पेल्यास सारखी चव येई. तुळशीचे पान मात्र कितीही दाबा, वरच येते. तू शाळेत विज्ञान शिकवतेस. माझे चुकले असल्यास लाल शाईने दुरुस्त कर.

आमचा गोपालकृष्ण गेला, त्यानंतरच्या रामनवमीसही पानक तूच केले होतेस. विधवेच्या हातचे, म्हणून एका गृहस्थाने पेला खाली ठेवला. तो उचलून मी प्यालो आणि आणखी मागितले. तू मान वर केली नाहीस. त्याच संध्याकाळी मी तुझ्या पुनर्विवाहाचे मनात घेतले. कन्यादानही मीच केले. तेव्हा तुझ्या नावामागे पुन्हा ‘सौ.’ लिहिण्याचा पहिला मान माझा.

रजेचे कारण खरे नव्हते, हे मला कळते. दूरध्वनीवर तू हल्ली मला कोणत्याच नावाने हाक मारीत नाहीस. दुसऱ्या घरची झालेल्या मुलीने या उंबऱ्यात कोणत्या नात्याने यावे, हा प्रश्न तुला पडला असावा. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. रामनवमी जवळ आली. सासूबाईंनी सुंठ कुटून ठेवली आहे आणि गुळाला त्या कोणासही शिवू देत नाहीत. जावई हरिप्रसाद यांना घेऊन ये. तुला पाहून आम्हांस गोपालकृष्ण आठवेल, ही भीती बाळगू नकोस. तो तू न आल्यानेही आठवतोच. मला हाक काय मारावी, एवढाच संकोच उरला असल्यास त्याचे उत्तर खाली सहीत आहे.

तुझाच,
मामंजी