पंखांवरचे डोळे

दिग्रस,
रविवार, ता. ८ ऑक्टोबर १९६१

सौ. बेबी हिस,

आशीर्वाद. मी इकडे बरा आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तू जेवतेस का, एवढं आधी कळव. शेजारच्या विमलताई दोन्ही वेळा डबा पाठवतात. स्टुडिओ उघडतो, गिऱ्हाईक येतं.

मामाजींचं कार्ड दारव्ह्याहून, तुझ्या माहेराहून, पोचलं. त्यात तुझा निरोप होता, "पोरीचे डोळे उघडा, मंग येतो मी." तुझं म्हणणं रास्त आहे. गावातल्या किती गेलेल्या माणसांचे मिटलेले डोळे मी फोटोत उघडून दिले. नेण्याआधी फोटो काढायचा, निगेटिव्हवर पेन्सिलीनं डोळ्यांचं पांढरं भरायचं आणि छापलेल्या कागदावर ब्रशानं बुबुळं काढायची. घरचे तो भिंतीला लावतात आणि रोज त्याच्याशी बोलतात. मग आपल्या मंदाचेच डोळे याला का उघडता येईनात, असं तुला वाटणारच.

तिला नेण्याआधी काढलेला फोटो घेऊन रोज बसतो ग. हात थरथरतो. म्हणून आज सकाळी कॅमेरा घेऊन नाल्यावर गेलो. तू रागावशील. पोर जाऊन महिना झाला नाही आणि हा माणूस फुलपाखरांच्या मागे. पण हात ठिकाणावर आणायला मला दुसरं काही सुचलं नाही.

ओल्या वाळूवर ती निळी फुलपाखरं बसली होती, पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असणारी. पालथा पडून सरकत सरकत जवळ गेलो. ऐन वेळी वाऱ्यानं पंख हलला आणि फोटोत नेमके ठिपकेच पुसट आले. दुपारी फोटो छापला, ब्रश घेतला आणि ते भरून काढले. काळा गोल, भोवती करडं कडं, आत पांढरा थेंब. माझा ब्रश कुठं लागला ते कुणाला शोधून सापडणार नाही.

त्याच बैठकीत मंदाचा फोटो पुढे ओढला आणि डोळे काढले. वाटलं, जमलं एकदाचं. वाळत ठेवला होता तेवढ्यात कापसाच्या जिनिंगमधले मारोतराव आले, त्यांच्या गेलेल्या आईचा मागे मी करून दिलेला फोटो चौकटीत बसवून न्यायला. मंदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "घनश्याम, हे त माह्या मायचे डोळे हायेत."

खरं होतं. साऱ्या गावाला मी एकच डोळे वाटत आलो. मारोतराव चौकट तिथंच ठेवून निघून गेले. मंदाचा तो कागद मी फाडून टाकला.

समोर ठेवून बघावा असा तिचा हसता-खेळता एक फोटो नाही. पाच वर्षांची होईपर्यंत काढू नका, नजर लागते, असं तुझ्या आईनं सांगितलं आणि आपण ऐकलं. नाल्यावर ती माझ्यासोबत यायची, पण तिची सावली पडली की फुलपाखरू उडायचं, म्हणून मी तिला पाठीमागे उभं करायचो. "बाबा, बसली का तितली?" असं विचारायची. मी वळून न बघता हो म्हणायचो.

बेबी, जे लिहायला बसलो ते अजून लिहिलंच नाही. हात थरथरतो हे खोटं. हात चांगला आहे. मला तिचे डोळे आठवत नाहीत. त्या पंखावरचा ठिपकान् ठिपका न बघता काढीन, पण माझ्या पोरीचे डोळे काळे होते की तपकिरी, हे मला सांगता येत नाही. एक डोळा जरा लहान आहे असं तू म्हणायचीस. कोणता ग? हे मी कुणाला विचारू? बाप असून विचारतो म्हणून लोक तोंडावर थुंकतील.

फोटोची वाट बघत तिकडे बसू नकोस. तुझ्यावाचून तो होणारच नाही. माझ्याजवळ बस, सांगत जा, चुकलं की माझा हात धर. माझं तोंड बघायचं नसेल तर येऊ नकोस, पण ते डोळे कसे होते तेवढं मामाजींकडून लिहवून पाठव. मला ते एकदा बघायचे आहेत.

मंदाचा बाप म्हणवणारा,
घनश्याम