पैलवानानं भलताच पाय बांधला

धावडा

तीर्थस्वरूप काकासाहेब दादास, धाकट्या बहिणीचा, झुंबरबाईचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे जिवंत आहोत, तुम्ही कसे आहात? वहिनींच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधा म्हणून सांगितल्तं. बांधलं न्हाईच ना?

तुमची चिठ्ठी पोचली. कचरूचा पाय मोडला, झुंबरीच्यानं आता व्हायचं न्हाई, गाडी पाठवतो, त्याला बदनापूरला धाडून दे, असं लिहिलंय. पाठवा. मी बिलकुल कंटाळले. आपला हा सगळ्यात धाकटा भाऊ, जन्मापासून हातपाय आखडलेला, जीभ जड; त्याचा एक शब्द बाहेर पडेस्तोवर माझी भाकर करपती. माय गेल्यापासून त्याचं सगळं मीच करून राह्यले. आता करपू द्या वहिनींची भाकर.

पाय कसा मोडला ते ऐका. शेळीनं मागून ढुसणी दिली, मी शेणाच्या पाटीत बसले, अन् हा बाजेवर इतका हसला की घसरून खाली आला. बाज ती केवढी उंच? (मांजराचं पिल्लूबी तिथून पडलं तर रडत न्हाई.) पण जे पाय उभ्या जन्मात जमिनीला टेकले न्हाईत, त्यांचं हाड कितीसं टणक राहणार? काडीवानी मोडलं.

मंग कडूबा पैलवानाला बोलावलं. आमच्याकडं हाड बसवायचं काम त्याचंच. त्याची रीत अशी, की विचारायचं न्हाई. जो पाय वाकडा दिसंल तो ओढायचा. आता कचरूचे दोन्ही वाकडे! पैलवानानं त्यातला जास्त वाकडा धरला. कचरू काही सांगू लागला, पण त्याचं तोंड उघडायच्या आत मीच म्हणलं, "हाच हाच, वढा जल्दी." (माणसानं जरा लवकर बोलावं, मी काय करू?) इतकी वर्षं सुखानं वाकडा असलेला पाय बांबूच्या कामट्या लावून बांधला, अन् मोडलेला शेजारी सुजत पडला. सांजच्याला तो भोपळ्याएवढा झाला तवा पैलवान विचारतो, "अक्का, याचे दोन पाय मोडले का?"

मंग दोन्ही बांधले, अन् हुकूम दिला, उताणा पडू द्या, हलवू नका. पाय गप झाला, छाती बिघडली. त्याला जोरानं खोकता येत न्हाई. उताण्यानं कफ आतच हुक्क्यावानी गुरगुरू लागला. ओठ निळे पडले. दादा, तवा मी त्याला उठवून बसवायला धावले. पैलवान नको नको म्हणत राह्यला. मी म्हणलं, "पाय तिरपा जुळंल तर जुळू दे. सरळ पायाचा मेलेला भाऊ मला काय करायचा?" उचलून बसवला, पाठीला कापसाचं गाठोडं लावलं, अन् हाताची खोलगट वाटी करून पाठ बडवली. बडवली, बडवली, तवा कफ सुटला. दम घेऊन त्यानं तोंड उघडलं. मी गप बसले. अख्खं बोलू दिलं.

"हळू मार, आता बरगडी मोडशील."

असला हा माणूस. घेऊन जा एकदाचा.

झुंबरबाई

ता. क. गाडीत एक जाड गादी अन् दोन लोड घाला. कचरूला दिवसरात्र टेकवून बसवावं लागतं.

आणखी ता. क. जायचं का म्हणून कचरूला विचारलं. तो म्हणतो, बदनापूरला मला इतकं कोण मारणार? तवा गादी अन् लोड इथंच उतरतील, अन् जाताना गाडी रिकामी जाईल. गाडीवानाला आधीच सांगून ठेवा, न्हाईतर तो उगी माझ्याशी भांडत बसंल.