मांतौचा कान

आठवा महिना, दुसरा दिवस

आज राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागले. या वयात! सून म्हणाली, हाडं घरीच ठेवा. म्हटलं, तुझ्या हातचं खाऊन मरण्यापेक्षा इथं झिजलेली बरी. खरं कारण तिलाही ठाऊक आहे. माझी नात यूनहे हिला गेल्या वसंतात दासी म्हणून आत नेलं. पंचविशी गाठल्याशिवाय पोरींना सोडत नाहीत, तोवर मी कुठली राहते! पोरगी एकदा डोळ्यांनी बघायची, बस्स.

मुदपाकखाना भिंतीलगत लांबच लांब पसरलाय. आधी मांसाच्या चुली, मग भाज्यांच्या, मग बदकं भाजणारे, मग भातवाले आणि टोकाला आम्ही पिठाचे. एकाने दुसऱ्याच्या चुलीत डोकावायचं नाही. पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, गाडीवरून येतं. विहिरीचं पाणी फक्त भांड्यांना. एवढा पसारा एकट्या म्हाताऱ्या विधवा राणीसाहेबांसाठी! आमचा मुख्य माओ म्हणाला, आजी, इथं हात चालवायचा, तोंड नाही. म्हटलं, दोन्ही एकाच आईनं दिलेत, जोडीनंच चालतात. सगळे हसले. माणसं बरी आहेत.

चौथा दिवस

इथली रीत कळली. प्रत्येक ताटावर करणाऱ्याच्या नावाची लाकडी पाटी. खाण्यात काही वाईट निघालं किंवा फार आवडलं, तर पाटीवाल्याला आत हजर व्हायचं. डबा आम्ही लाल दारापर्यंत न्यायचा. तिथून फेंगशौ नावाचा खोजा तो पडद्यापर्यंत नेतो. पडद्यापलीकडे कोण घेतं, ते त्यालाही दिसत नाही. आमचे मांतौ, म्हणजे वाफवलेले पिठाचे गोळे, राणीसाहेबांपासून लांबच्या मेजावर जातात. ते मेज नुसतं बघायला. ताट तसंच परत येतं, पुन्हा वाफवून पुन्हा जातं. राणीसाहेबांची भूक डोळ्यांत दिसतेय!

फेंगशौला माझी चांदीची केसातली पिन दिली, तेव्हा कुठे बोलला. यूनहे राणीसाहेबांच्याच अंगणात आहे म्हणे, पडद्याआड.

मग मी एका मांतौच्या कच्च्या पिठाला चिमटीनं ओढून कान काढला. यूनहे लहान असताना काढायचे तसा. त्या कानात हळूच सांगायचं, हा यूनहेचा. मग ती आधी कान खायची, मग बाकीचा. आजही सांगितलं.

सहावा दिवस

ताट परत आलं. मांतौ अख्खा, फक्त कान चावून घेतलेला. माओनं विचारलं, आजी, रडता का? म्हटलं, तुझ्या ओल्या लाकडांचा धूर आहे, मेल्या.

नववा दिवस

रोज कान काढते, रोज नाव सांगते, रोज कान गेलेला असतो. पोरीची भूक चांगली आहे.

आज माओनं ते ताट पाहिलं. विचारलं, लांबच्या मेजावरचं कुणी खाल्लं? मी पीठ मळत राहिले. दिवसभर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

बारावा दिवस

यूनहे भेटली. लाकडं आणायला गेले तर धुण्याची टोपली घेऊन समोर उभी. गाल भरलेत. ती पूर्वेच्या धुण्याच्या अंगणात आहे, आल्या दिवसापासून. राणीसाहेबांचं अंगण तिनं पाहिलेलंही नाही. मी कानाचं विचारलं तर हसली. म्हणाली, आजी, तुझे मांतौ मला इथं कोण आणून देणार? नुसत्या वासानं जीव जायचा माझा.

फेंगशौनं पिनेसाठी थाप मारली. त्याला नंतर बघते.

पण मग कान कोण खातं?

तेरावा दिवस

माओला कोपऱ्यात धरलं. आधी टाळाटाळ, मग म्हणाला, आजी, राणीसाहेब हिवाळ्यातच गेल्या. पण चुली बंद करा असा हुकूम कुणी दिला नाही. चुली विझल्या तर आम्ही सगळे रस्त्यावर. म्हणून डबा जातो आणि परत येतो. कुणी आपल्या दाराच्या पलीकडे बघत नाही.

म्हटलं, मेलेल्यांना मीही ताट ठेवते. ते वास घेतात. चावत नाहीत.

तो म्हणाला, तुम्ही त्या कानात बोलता, आजी. याआधी कुणी त्यांच्याशी बोललंही नव्हतं.

चौदावा दिवस

कान काढला नाही. तोंड शिवल्यासारखं ठेवलं. गुळगुळीत गोळे पाठवले.

परत आले, सगळ्यांना कान.

मी काढते तसेच. डाव्या अंगठ्याची चिमटी. शिजलेलं पीठ असं ओढता येत नाही, तुटतं. हे तुटलेलं नव्हतं.

पंधरावा दिवस

ताटावर माझी पाटी नव्हती. दुसरीच होती. तिच्यावर— यूनहे.

फेंगशौ म्हणाला, पडद्याआडून हुकूम आलाय. पाटीवालीला उद्या हजर करा. मी विचारलं, आवाज कुणाचा? म्हणाला, तुमचाच, आजी.

नाव मीच दिलं. रोज, माझ्या तोंडानं.

सोळावा दिवस

पोरीची पाटी चुलीत घातली. जळेना. मग विस्तवात तशीच दाबून ठेवली.

एकच मांतौ केला. मोठा कान. त्यात माझं माहेरचं नाव सांगितलं, लग्नानंतर कुणी न घेतलेलं. ताटावर माझी पाटी. डबा मीच घेऊन निघाले. माओ आडवा आला. म्हटलं, बाजूला हो, गार होतंय.

दुपार. पडद्याच्या अलीकडे बसलेय. कोळशानं लिहितेय. फटीतून दिसतं, आत मेजं मांडलेली— वाफा येतात— खुर्चीवर कुणी नाही—

हाक आली. माहेरचं नाव. बरोबर नाव. मी ओ दिली—

कानाशी गार श्वास. चावत नाही. विचारतंय, पोरगी कुठं आहे. कुठल्या अंगणात—

नाही सांगणार. तोंड मिटलंय. दात आवळलेत. हवं ते कर मेल्या, तोंडातून शब्द—

हात. हा हात माझा— थांबत नाही— कोळसा आपोआप—

पूर्वेच्या धुण्याच्या अंग—