पेन्सिलीतला पंजा

शनिवार, १४ जून. यिशुन, सिंगापूर.

सकाळी बाजार, दुपारी कपडे. संध्याकाळी प्राचीच्या लाकूडकामाच्या वर्गातल्या मेलिंगबाई आल्या. प्राची जाऊन चार महिने झाले, तरी तिची फळी जेवणाच्या टेबलावरच आहे. व्हायकिंग नक्षीतला प्राणी ती कोरत होती. पट्ट्यासारखं अंग, स्वतःभोवतीच वेढे, पंजांनी स्वतःचीच मान धरलेली. एक पंजा मात्र अजून पेन्सिलीतच आहे.

बाई म्हणाल्या, "मी पुरा करून देते. इथल्या दमट हवेत पेन्सिल पुसट होईल."

"कॅनॉट लाह, आंटी!" लेक ईरा इथल्या पोरांसारखी ओरडली. "ते आईचं आहे."

"मग बिचाऱ्याने तीनच पंजांवर राहायचं?"

"तीन पुरतात. घट्ट धरलंय त्याने."

बाई हसल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, राहू दे. बरोबर केलं का? रेघ पुसली गेली तर पंजाही जाईल. आणि दुसऱ्या कुणी कोरला तर तो प्राचीचा कसा?

तिने कोरायला घेतलं तेव्हा मी प्राचीला विचारलं होतं, यात प्राणी किती आहेत? तिने माझं बोट धरून शेपटीपासून खाचेतून फिरवलं. पट्टा वर, खाली, परत वर. "एकच आहे रे. बोट उचलू नकोस."

बाई गेल्या, ईरा खाली खेळायला गेली. मी शेपटीपासून बोट फिरवलं. तिच्या हाताचा दाब आठवला. पेन्सिलीच्या रेघेपाशी थांबलो, ती पुसली जाईल म्हणून. उजव्या हाताच्या बोटाला खाचेतला लाकडाचा बारीक भुसा लागला होता.

मग कुकर लावायला उठलो. तांदूळ डाव्या हाताने धुतले.