टेकडीवरची जागा

केल्सो बेंड, नेब्रास्का
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय व्हर्ना,

सकाळी धुकं होतं. दहाला बंधुमंडळाच्या सभागृहात गेलो, शेगडी पेटवली. अकराला मतदान झालं. बाराला घरी आलो. तुझा खोकला कमी असेल.

मंडळात आता तिघेच उरलोत: मी, एमेट आणि हार्डवेअरवाला प्रुइट. तुझ्या ऑरिनची राख आमच्या आईवडिलांशेजारी पुरायला तिघांनीही होकार दिला.

आमची दफनभूमी एवढी कडक का, असं तू विचारलं होतंस. १८८७ साली रेल्वेचा एक अनोळखी कामगार इथे तापाने गेला. त्याला कुणीच जागा देईना, म्हणून मंडळाने टेकडी विकत घेतली. पहिलं थडगं त्याचंच. पुढे त्याच मंडळाने नियम केला, की सभासद नसेल तर सभासदाच्या मुलालाही आत जागा नाही. हे कसं झालं, मला अजून कळत नाही.

प्रुइट मतपेटीत हात घालताना म्हणाला, "अठ्ठावन्नपासून तुझ्या भावाने माझ्याकडून एक खिळा घेतला नाही. खिळ्यांसाठी वीस मैल जायचा, हट्टी गाढव!"

"मग काळा ठोकळा टाकतोस की काय?" एमेट म्हणाला.

"गप रे म्हाताऱ्या. टेकडीवर माझ्या जागेजवळ आला तर आता तरी बोलेल माझ्याशी."

व्हर्ना, एका काळ्या मताने माणूस बाद होतो. ऑरिनला वाटायचं, त्याचा सभासदत्वाचा अर्ज प्रुइटने पाडला. होकाराची पांढरी गोटी गोल असते, नकाराचा काळा ठोकळा चौकोनी, न बघता हाताला कळावी म्हणून. अठ्ठावन्नच्या त्या जानेवारीत शेगडी बंद होती आणि मी हातमोजा काढला नव्हता. बोटांना कोपरे लागले का? कधी वाटतं लागले, कधी वाटतं नाही. घरात, शाळेत, सगळीकडे ऑरिन पुढे. मंडळ तेवढं माझं एकट्याचं होतं. हे मनात होतं खरं. पण मनात असलं म्हणजे हाताने केलंच, असं होतं का?

ऑरिनने प्रुइटचं नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसलो. ते मात्र पक्कं आठवतं.

आज हातमोजे काढून गोटी टाकली. गोल होती.

प्रुइटला अजून सांगितलं नाही, आधी तुला सांगतोय. ऑरिनला इथे आणायचं का, ते तू ठरव. माझी जागा त्याच्या लगतची आहे. त्याच्या शेजारी मी तुला नको असेन, तर मी त्या अनोळखी माणसाशेजारी जाईन.

तुझं उत्तर येईपर्यंत खणत नाही. गवत फार वाढलंय. हे पत्र टाकतो आणि तसाच वर जाऊन ते कापतो.

ऑरिनचा भाऊ,
लायल